अभ्यासपाठ : जंतू मरतो, तरी हात का दुखतो?



दर वर्षी ३० जानेवारीच्या सुमारास आपण मंडळीत कुष्ठरोगाविषयी बोलतो. रोग देवाचा कोप नाही, औषध मोफत आहे, रुग्णाला जवळ घ्या, एवढे आपल्या सर्वांना पाठ झाले आहे. या अंकातला पाठ त्याच्या पुढचा आहे. औषध सुरू झाल्यानंतर काही रुग्णांना अचानक जो त्रास होतो, तो नेमका कशाने होतो, हे आपण समजून घेणार आहोत. विषय थोडा शास्त्राचा आहे. पण तो माहीत नसल्यामुळे माझ्याकडून एक चूक झाली आणि तिची किंमत एका बहिणीच्या हाताने मोजली, म्हणून तो सोपा करून सांगण्याचा प्रयत्न करतो.

किनवटकडची एक ताई

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उमरीहून भोकर, हिमायतनगर करत मी महिन्यातून एकदा किनवट भागात जात असे. तिथल्या एका कोलाम पोडावर एक तिशीतली ताई होती. पाठीवर आणि दंडावर बधिर चट्टे होते. आशाताईंनी तिला तपासणीला नेले, निदान झाले, गोळ्यांची पाकिटे सुरू झाली. पहिले दोन महिने सगळे ठीक होते.

तिसऱ्या महिन्यात मी गेलो तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, चट्टे लाल झालेत, तापल्यासारखे लागतात. डाव्या कोपरातून कळा येतात. कापूस वेचताना करंगळी ऐकत नाही."

मी काय म्हणालो? "औषध गरम पडलं असेल ताई. ताक घे, पाणी भरपूर पी, गोळ्या सोडू नको." मनापासून बोललो होतो. पण सल्ला अर्धाच होता. गोळ्या सोडू नको हे बरोबर होते. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवे होते, ते मी केले नाही.

पुढच्या महिन्यात पावसाने रस्ता बंद झाला आणि माझी फेरी चुकली. त्यानंतर गेलो तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळलेले होते. घरच्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. तिची सासू म्हणाली, "ह्या गोळ्यांनीच हात गेला बघा. खायच्या आधी हात चांगला होता."

सासूबाईंचे बोलणे चुकीचे होते, पण त्यांनी पाहिलेला क्रम खरा होता. आधी हात चांगला होता, नंतर गोळ्या सुरू झाल्या, नंतर हात गेला. याचे खरे उत्तर आपल्याकडे नसेल, तर आपल्या शंभर उपदेशांपेक्षा त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेलेच गाव खरे मानणार. ते उत्तर आता पाहू.

शरीराची दवंडी

आपल्या रक्तात आणि कातडीखाली राखण करणाऱ्या पेशी असतात. त्यांपैकी एका जातीला मॅक्रोफेज म्हणतात. आत शिरलेल्या जंतूला गिळणे हे तिचे काम. दुसरी महत्त्वाची जात टी पेशींची. कोणता शत्रू ओळखीचा आहे, त्याच्याशी किती जोराने लढायचे, हे त्या ठरवतात.

या पेशींना एकमेकींशी बोलायला तोंड नाही. त्या बारीक प्रथिने सोडतात आणि शेजारच्या पेशी ती ओळखतात. या निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. पूर्वी गावात दवंडी पिटत, तसेच हे. जंतूच्या कवचावर काही खास पदार्थ असतात, जे आपल्या शरीरात कुठेच नसतात. मॅक्रोफेजला त्यांचा स्पर्श झाला की तिला कळते, हा परका आहे. मग काही तासांत ती दवंडी पिटू लागते.

दवंडी एकाच प्रकारची नसते. टीएनएफ नावाचे सायटोकाइन म्हणते, "धावा, इथे सूज आणा, रक्त वाढवा." इंटरफेरॉन गॅमा हे टी पेशींकडून येते आणि मॅक्रोफेजला सांगते, "नुसते गिळू नको, गिळलेल्याला मार." इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ मेंदूपर्यंत निरोप नेतात आणि अंगात ताप चढतो. याच्या उलट इंटरल्युकिन-१० सांगते, "पुरे, शांत व्हा."

म्हणजे ताप, सूज, लाली, अंगदुखी हे सगळे जंतू स्वतः करत नाही. बरेचसे आपल्याच पेशींच्या हाकेने होते. क्षयरोग्याची भूक मरते, वजन झडते, हे आपण पाहतो. त्यामागेही टीएनएफचा मोठा हात असतो. शास्त्रज्ञांना प्राण्यांचे अंग झडवणारा एक पदार्थ सापडला होता, त्याला त्यांनी कॅचेक्टिन नाव दिले होते. तो पदार्थ आणि टीएनएफ एकच, हे १९८५ मध्ये सिद्ध झाले. रोगाशी लढणारे तेच, अंग झडवणारेही तेच.

एकच जंतू, दोन तऱ्हा

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. हा फार संथ जंतू आहे. इतर कित्येक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीससुद्धा. त्याला थंडावा आवडतो, म्हणून तो कातडीत आणि कातडीजवळच्या नसांमध्ये घर करतो. नसेभोवती श्वान पेशी नावाचे वेष्टण असते. (श्वान हे जर्मन शास्त्रज्ञाचे आडनाव, कुत्र्याशी काही संबंध नाही!) त्या पेशीत हा जंतू जाऊन बसतो.

शंभरातल्या सुमारे ९५ माणसांचे शरीर या जंतूला मुळात थारा देत नाही. ज्यांना रोग होतो, त्यांच्यातही दोन टोके दिसतात. काहींना मोजके, कडा स्पष्ट असलेले बधिर चट्टे येतात आणि त्यांत जंतू शोधूनही सापडत नाही. काहींची सगळी कातडी जाड, चकचकीत होते, कानाच्या पाळीवर गाठी येतात आणि एका सुईच्या टोकाएवढ्या जागेत जंतूंचे थवे दिसतात. जंतू एकच, मग रोग वेगळा का?

१९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉ. मॉडलिन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही तऱ्हेच्या रुग्णांच्या कातडीतील सायटोकाइन तपासले. मोजक्या चट्ट्यांत इंटरफेरॉन गॅमा आणि इंटरल्युकिन-२ भरपूर होते, म्हणजे लढाईची दवंडी. गाठींच्या कातडीत इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१० जास्त होते, म्हणजे शांततेची दवंडी. तिथे मॅक्रोफेज जंतूला गिळून बसलेली होती, पण मारत नव्हती. रोगाचे रूप जंतूपेक्षा आपल्या शरीराच्या निरोपावर ठरत होते.

आपल्या महाराष्ट्रातही या प्रश्नावर काम झाले आहे. मुंबईत वरळीला फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था आहे. प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया कुष्ठरुग्णांचे वाकडे हात शस्त्रक्रियेने सरळ करत. हात मुळात वाकडाच का होतो, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्या संस्थेत त्यांनी, डॉ. तन्नाझ बिर्डी यांनी आणि इतरांनी कुष्ठरुग्णांच्या मॅक्रोफेज पेशींचा आणि नसेतील श्वान पेशींचा अनेक वर्षे अभ्यास केला.

रिअ‍ॅक्शन म्हणजे काय

आता आपल्या ताईच्या कोपराकडे येऊ.

रात्री गावात चोर शिरले आणि बराच वेळ कोणाला कळलेच नाही, असे समजा. मग एकदम हाळी उठते. लोक काठ्या घेऊन धावतात. चोर जर अरुंद बोळात लपला असेल, तर त्या गर्दीत बोळातल्या घरांची दारे मोडतात, आपलीच माणसे चेंगरतात.

कुष्ठरोगात असेच होते. गोळ्यांनी जंतू मरू लागतात. मेलेल्या जंतूचे तुकडे मात्र लगेच नाहीसे होत नाहीत, शरीर ते सावकाश साफ करते. त्यासाठी महिने, कधी वर्षे लागतात. इतके दिवस गप्प असलेल्या टी पेशी त्या तुकड्यांकडे पाहून अचानक जाग्या होतात. इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफची दवंडी जोरात सुरू होते. चट्टे लाल होतात, सुजतात, गरम लागतात. कातडीला सुजायला जागा असते. नसेला नसते. ती घट्ट वेष्टणात असते आणि कोपरापाशी हाडाच्या खोबणीतून जाते. तिथे सूज आली की नस आतल्या आत दाबली जाते. कोपराच्या आतल्या बाजूच्या नसेवर करंगळीची ताकद आणि स्पर्श अवलंबून असतो. म्हणून दुखले कोपर आणि वळली करंगळी.

याला कामावरचे लोक "रिअ‍ॅक्शन" म्हणतात. ही पहिल्या प्रकारची. दुसऱ्या प्रकारात, बहुधा जंतू खूप असलेल्या रुग्णाला, ताप येऊन अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठतात. सांधे दुखतात, डोळे लाल होतात, नसाही सुजू शकतात. तिथेही टीएनएफ वाढलेले आढळते.

निरोप बदलला की रोगाचे रूप बदलते, याचा पुरावा एका उपचारातून मिळाला. शांततेची दवंडी असलेल्या रुग्णांना काही डॉक्टरांनी इंटरफेरॉन गॅमाची इंजेक्शने कातडीत दिली. जंतू कमी होऊ लागले, चांगली गोष्ट. पण ही इंजेक्शने महिनोन्महिने चालू ठेवल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांना दुसऱ्या प्रकारची रिअ‍ॅक्शन आली. लढाईचा निरोप वाढवला आणि लढाई हाताबाहेर गेली.

दुसरा पुरावा उलट दिशेने आला. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध गरोदर स्त्रियांनी घेतल्याने हातपाय खुरटलेली बाळे जन्मली, म्हणून १९६१ नंतर ते बाजारातून काढले गेले. पुढे जेरुसलेममध्ये डॉ. शेस्किन यांनी वेदनेने झोप न येणाऱ्या एका कुष्ठरुग्णाला ते दिले. झोप तर लागलीच, पण गाठीही विरल्या. त्याचे कारण १९९१ मध्ये उमगले. ते औषध पेशींना टीएनएफ बनवण्यापासून रोखते. आजही ते फक्त तज्ज्ञांच्या हातात, फार जपून वापरले जाते आणि गरोदर राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीला देत नाहीत.

म्हणून सासूबाईंना द्यायचे उत्तर असे आहे : मावशी, हात गोळीने गेला नाही. गोळीने जंतू मारला. मेलेल्या जंतूवर तुमच्या सुनेच्या अंगातली राखण उशिरा तुटून पडली आणि त्या धुमश्चक्रीत नस चेंगरली. गोळी बंद केली तर उरलेला जंतू वाढेल आणि नस चेंगरायची थांबणार नाही. गोळी चालू ठेवायची आणि सूज उतरवायचे दुसरे औषध ताबडतोब घ्यायचे.

ते दुसरे औषध

ते औषध म्हणजे प्रेडनिसोलोन, एक स्टेरॉइड. ते पेशीच्या आत जाऊन टीएनएफसारख्या सायटोकाइनचे उत्पादनच कमी करते. दवंडी मंदावते, सूज उतरते, नस मोकळी होते. सुरुवातीला मात्रा जास्त असते, मग ती हळूहळू कमी करत नेतात. हा उपचार साधारण तीन ते सहा महिने चालतो.

नसेची इजा सहा महिन्यांच्या आतली असेल तर हात-पाय सुधारण्याची चांगली आशा असते. जितके लवकर, तितके चांगले. जुन्या इजेवर या औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

पण इथे एक धोक्याची सूचना. दवंडी मंदावते तेव्हा इतर जंतूंविरुद्धची राखणही ढिली पडते. झोपलेला क्षय जागा होऊ शकतो, मधुमेह वाढतो, पोटात जखम होऊ शकते. म्हणून डॉक्टर आधी खोकला, साखर, रक्तदाब, गरोदरपण विचारतात. दुकानातून स्वतः आणलेले किंवा कोणी वैदूने पुडीत दिलेले स्टेरॉइड घेऊ नये. सुरू केलेले एकदम बंदही करू नये.

आपण काय पाहावे

आपल्यापैकी जे पोडावर, तांड्यावर, वस्तीवर जातात, त्यांनी प्रत्येक कुष्ठरुग्णाला दर भेटीत हे पाहावे. पाच मिनिटे लागतात.

१. चट्टे नव्याने लाल, सुजलेले किंवा गरम झाले आहेत का?

२. कोपर, मनगट, गुडघ्याच्या बाहेरची बाजू, घोटा यांजवळ दुखते का? रात्री मुंग्या येतात का?

३. करंगळी बाजूला सरकवता येते का? अंगठा वर उचलता येतो का? टाच टेकवून पाऊल वर करता येते का?

४. डोळे घट्ट मिटतात का? लाल झाले आहेत का?

५. डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकाने तळवा व तळपाय हलकेच स्पर्शावा. मागच्या भेटीत कळत होते ते आज कळत नाही, असे आहे का?

यातले एकही नवे आढळले तर "पुढच्या फेरीत पाहू" म्हणायचे नाही. त्याच आठवड्यात, शक्य तर त्याच दिवशी, आरोग्य केंद्रात न्यायचे. तोवर तो हात किंवा पाय विसाव्यात ठेवायचा, ओझे उचलायचे नाही.

दोन गोष्टींत गल्लत करू नये. लघवी तांबूस होणे आणि कातडी काळसर पडणे हे एमडीटीच्या गोळ्यांचे नेहमीचे परिणाम आहेत, घाबरायचे कारण नाही. पण सगळ्या अंगाला खाज सुटून कातडी सोलू लागली किंवा डोळे पिवळे दिसले, तर ती औषधाची ॲलर्जी असू शकते. तेव्हा मात्र पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना दाखवायचे.

आणि हे लक्षात ठेवावे : रिअ‍ॅक्शन उपचाराआधी, उपचार चालू असताना किंवा गोळ्यांचा कोर्स संपल्यावरही येऊ शकते. बाळंतपणानंतरच्या महिन्यांतही तिचा धोका असतो. कोर्स पूर्ण झाला म्हणून आपली भेट बंद करू नये. रिअ‍ॅक्शन आली म्हणजे रोग उलटला किंवा रुग्णापासून लागण होईल, असेही नाही. एमडीटी सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्ण दुसऱ्याला लागण करण्याच्या स्थितीत राहत नाही.

शास्त्रवचनाविषयी एक शब्द

आपण लेवीय १३ आणि १४ हे अध्याय वाचतो, तेव्हा आजचा कुष्ठरोगच डोळ्यांसमोर आणतो. पण तिथला इब्री शब्द बराच व्यापक आहे. तो कापडावरच्या आणि घराच्या भिंतीवरच्या डागांनाही लावला आहे. हॅन्सेनचा जंतू भिंतीला होत नाही. म्हणून त्या अध्यायांवरून आपल्या शेजारच्या रुग्णाला अशुद्ध ठरवणे हे वचनालाही धरून नाही. प्रभू येशूने मात्र अशा माणसाला आधी हात लावला, हे शुभवर्तमानात स्पष्ट आहे.

मिशनच्या कामाचा इतिहासही त्याच स्पर्शाचा आहे. मेळघाटाच्या पायथ्याशी परतवाड्याजवळ कोठारा येथे आणि मिरजेत रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयात ही सेवा पिढ्यान्पिढ्या चालत आली. बाबा आमटे यांनी आनंदवनात तेच केले. त्या सर्वांनी केवळ जवळ घेतले नाही, बोटे तपासली, नोंदी ठेवल्या. प्रेमाला जागरूकतेची जोड दिली.

शेवटी

त्या ताईला आम्ही नंतर नेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, प्रेडनिसोलोनही मिळाले. तळव्याची जाणीव बरीच परत आली. शेजारचे बोट सरळ झाले. करंगळी तेवढी आजही आत आहे. वेचणीच्या दिवसांत तिची बोंडे इतरांपेक्षा कमी भरतात.

मागच्या वर्षी त्याच पोडावरच्या एका तरुणाचा चट्टा तापला. मी पोहोचण्याआधीच या ताईने त्याला किनवटला नेले होते. मी आभार मानले तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, त्याला ताक नाही पाजलं मी."

ती हसत होती. मी मान खाली घातली. हा पाठ त्या वाक्यातून निघाला आहे.

सभेत चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीच्या परिसरात उपचार घेणारे किंवा उपचार पूर्ण केलेले कुष्ठरुग्ण कोण आहेत? त्यांना शेवटचे कोण भेटले आणि केव्हा?

२. "औषध बाधलं" असे कोणी म्हटले, तर आपण त्यांना आपल्या शब्दांत काय सांगू? एकमेकांना सांगून पाहा.

३. पावसाळ्यात फेरी चुकली तर निरोप कोणामार्फत पोहोचेल? आशाताईंचा नंबर कोणाकडे आहे?

४. रुग्णाला त्याच दिवशी दवाखान्यात नेण्यासाठी गाडीभाडे लागते आणि त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यासाठी आपल्या मंडळीत थोडी रक्कम कायम बाजूला ठेवता येईल का?